छत्तीसचा रोल आणि सदतिसावा फोटो

किल्ले, बंदरं, गलबतं यांच्यावर आपण पुष्कळ बोलतो. आजचा विषय त्या मानानं फारच लहान आहे, अगदी शर्टाच्या खिशात मावणारा: कॅमेऱ्याचा रोल. आणि प्रश्न त्याहून लहान. १९९४ च्या मे महिन्यात मालवणहून मुंबईला एस्सेलवर्ल्ड बघायला निघालेल्या एका कुटुंबानं कुठला रोल घ्यायचा?

ते कुटुंब आमचंच होतं आणि मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. मला आज इतिहास सांगायचा आहे, घरच्या आठवणी नाहीत. पण त्या एका खरेदीत इतका इतिहास भरलेला होता, की घरातूनच सुरुवात करावी लागते.

कोकणातला मे महिना म्हणजे चाकरमानी गावी येण्याचा महिना. आंबे, फणस, लग्नं आणि माणसांनी भरलेली पडवी. त्या वर्षी आम्ही उलट्या दिशेनं निघालो. लालबागच्या चाळीत काका राहायचे, त्यांनी दोन वर्षं आग्रह धरला होता. कोकण रेल्वे तेव्हा आमच्याकडे पोचलेली नव्हती. ती रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग सुरू झाली १९९८ साली. तेव्हा रात्रीची एसटी, सुमारे ५०० किलोमीटर, आणि कशेडी घाटात कुणाला तरी उलटी, हे ठरलेलं.

एस्सेलवर्ल्ड १९८९ साली गोराईला उघडलं होतं. त्याच्या आधी, १९८४ मध्ये, दिल्लीत अप्पू घर आलं होतं. पण आम्हाला पाळणे नवे नव्हते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेत आकाशपाळणा असायचाच. जत्रांमध्ये फोटोवालेही बसायचे. मागं रंगवलेला पडदा, त्यावर ताजमहाल नाहीतर विमान, आणि पुढं आपण ताठ उभे. म्हणजे खोट्या जगात उभं राहून खरा फोटो काढायची हौस आपल्याकडे थीम पार्कच्या आधीपासून होती. फरक एवढाच, की तिथे कॅमेरा फोटोवाल्याचा असायचा. या वेळी आमचा होता.

कॅमेरा बोटीवर नोकरी करणाऱ्या आतेभावानं आणलेला. ३५ मिलिमीटरचा, साधा. फोकस करायची सोय नाही. शटरचा वेग एकच, सेकंदाचा सुमारे १२५ वा भाग. वर दोन चित्रं, सूर्य आणि ढग. ऊन असेल तर इकडे, नसेल तर तिकडे. आणि एक छोटा फ्लॅश. रोलचा आकडा लावायची चकती वगैरे काही नाही.

निघायच्या आदल्या दिवशी बाबांबरोबर मी बाजारपेठेतल्या स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चोवीसचो की छत्तीसचो?"

आता हे छत्तीस कुठून आलं, ते बघू. जॉर्ज ईस्टमनचा पहिला कोडॅक कॅमेरा १८८८ चा. त्यात १०० फोटोंची फिल्म भरूनच मिळायची. ती संपली की आख्खा कॅमेरा पोस्टानं रॉचेस्टरला पाठवायचा. ते फिल्म धुऊन, फोटो छापून, नवी फिल्म भरून परत करायचे. १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी आला आणि कॅमेरा पोरांच्या हातात गेला. मग सिनेमासाठी बनणाऱ्या ३५ मिलिमीटर फिल्मवर जर्मनीत लायका कॅमेरा निघाला, १९२५ साली. त्याची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची, सिनेमाच्या चौकटीच्या दुप्पट, आणि एका रिळात जास्तीत जास्त ३६ फोटो. १९३४ मध्ये कोडॅकनं ती फिल्म तयार डबीत भरून विकायला सुरुवात केली. मालवणच्या दुकानात आमच्यासमोर ठेवलेली डबी तीच होती, साठ वर्षं जुन्या मापाची.

त्याआधी आपल्याकडे कितीतरी घरांमध्ये आग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा होता. त्याला लागायचा १२० चा रोल, त्यात फोटो फक्त १२. आजोबा-आजींच्या पिढीचे जे चौकोनी कृष्णधवल फोटो तुमच्या घरी असतील, त्यातले बरेच तसल्याच कॅमेऱ्यांतले. बारा फोटोंमध्ये एक लग्न उरकायचं. त्या हिशेबानं छत्तीस म्हणजे चंगळच.

पण चंगळ वाटली तरी ती महाग होती. एका फोटोचे पैसे तीनदा जायचे. रोल घेताना, रोल धुताना आणि प्रिंट काढताना. आपल्या देशात फिल्म बनवणारा सरकारी कारखाना होता, हिंदुस्तान फोटो फिल्म्स, उटीला. स्थापना १९६० ची, उत्पादन १९६७ पासून, आणि छाप 'इंदू'. फिल्म बनवायला थंड, धूळ नसलेली हवा लागते, म्हणून डोंगरावर. पण इंदूचं नाव मुख्यतः कृष्णधवल फिल्मसाठी आणि दवाखान्यातल्या एक्स-रे फिल्मसाठी. रंगीत रोल म्हटला की कोडॅक, फुजी, कोनिका, म्हणजे परदेशी माल. त्याचा भाव ऐकून माणूस एकदा रोलकडे आणि एकदा खिशाकडे बघायचा.

बाबांनी छत्तीसचा रोल घेतला. ताईचं म्हणणं होतं दोन घ्या. बाबा म्हणाले एक पुरे.

मग दुसरा प्रश्न आला: शंभरचा की चारशेचा?

हा आकडा म्हणजे फिल्मचा वेग. ती प्रकाशाला किती चटकन प्रतिसाद देते, त्याचं माप. १९४३ मध्ये अमेरिकन स्टँडर्ड्स असोसिएशननं ते प्रमाण ठरवलं, म्हणून ए.एस.ए. जर्मनांचं स्वतःचं डिन हे माप त्याच्याही आधीचं. १९७४ मध्ये दोन्ही एकत्र करून आय.एस.ओ. झालं, म्हणून डबीवर '१००/२१' असे दोन आकडे दिसायचे. पण आपल्याकडे लोक शेवटपर्यंत 'ए.एस.ए.'च म्हणत राहिले. हिशेब सोपा आहे. आकडा दुप्पट झाला की प्रकाश निम्मा पुरतो. म्हणजे शंभरच्या रोलला जेवढा उजेड लागतो, त्याच्या चौथ्या हिश्श्यात चारशेचं काम भागतं. किंमत मोजावी लागते ती दाण्यांची. वेगवान फिल्ममध्ये चांदीच्या क्षारांचे कण मोठे असतात, त्यामुळे फोटो रवाळ दिसतो. सत्तरच्या दशकात जपानी आणि अमेरिकन कंपन्यांनी चारशेच्या रंगीत निगेटिव्ह फिल्म आणल्या, आणि संध्याकाळ, घरातला उजेड, सभागृह हे सगळं साध्या माणसाच्या आवाक्यात आलं. निदान कागदावर तरी.

स्टुडिओवाले म्हणाले, "पाळण्यांचे फोटो काढूचे आसत तर चारशेचो घेवा."

बाबा हसले. "चारशेचो कित्या? सूर्य काय इकत घेवक लागता?"

किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाचं हे उत्तर होतं. मालवणात मे महिन्यात दुपारी वाळूवर उभं राहून बघा, डोळे उघडे ठेवता येत नाहीत. फोटोग्राफीत एक जुना नियम आहे: कडक उन्हात छिद्र सोळावर ठेवायचं आणि शटरचा वेग रोलच्या आकड्याइतका. शंभरचा रोल असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. आमच्या साध्या कॅमेऱ्याचा सूर्य याच हिशेबानं रंगवलेला होता. समुद्रावर शंभर पुरेसा, स्वस्त आणि बारीक दाण्याचा. आमचे घरचे सगळे चांगले फोटो शंभरवरच आले होते. आणि जत्रेतले रात्रीचे सगळे फोटो काळे आले होते, पण ते कुणी मोजले नव्हते.

तर शंभरचा, छत्तीसचा. स्टुडिओवाल्यांनी डबीवरची तारीख दाखवली आणि बजावलं, एसटीत इंजिनाजवळ ठेवू नका. उष्णता आणि दमट हवा हे रंगीत फिल्मचे दोन शत्रू, आणि कोकणात दोन्ही फुकट.

रोल बाबांनी घरी, माजघरातल्या अंधारात भरला. याचं कारण सांगतो. या फिल्मवर एक फोटो ३८ मिलिमीटर जागा खातो. रोल भरताना उजेडात फिल्मची जीभ जास्त ओढली गेली तर तेवढी वाया जाते. सांभाळून भरलं तर बोटभर फिल्म वाचते. बोटभर म्हणजे एक फोटो. छत्तीसच्या रोलमध्ये सदतीस काढणारी माणसं गावोगाव होती आणि ती हे अभिमानानं सांगायची. बाबा त्यातले.

मग बाबांनी वहीच्या मागच्या पानावर वाटणी लिहिली. काकांच्या घरचे ४. राणीची बाग ५. गेटवे ३. एस्सेलवर्ल्ड १५. उरलेले 'प्रसंगानुसार'. आज हे ऐकून हसू येईल. पण जगभर सुट्टीला निघालेली माणसं हेच करत होती, आणि सुट्टीत कशाचा फोटो काढायचा हे त्यांना फिल्म विकणाऱ्यांनीच शिकवलं होतं. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात १९५० ते १९९० कोडॅकनं ६० फूट रुंद रंगीत जाहिरात लावली होती. चित्रं बदलत राहायची, पण त्यातल्या किती चित्रांत सुट्टीवर गेलेलं कुटुंब आणि त्यातल्या कुणाच्या तरी हातात कॅमेरा! कॅलिफोर्नियात १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा पहिल्या दिवसापासून कोडॅक तिथे होती. पुढं डिस्नेच्या पार्कांमध्ये कोडॅकच्या पाट्या लागल्या: फोटो इथून काढा. कुठे उभं राहायचं, तेही ठरलेलं. गोराईला तशी पाटी मला आठवत नाही, पण तिची गरजही नव्हती. प्रत्येक कुटुंब प्रवेशद्वारापाशी आपसूक थांबत होतं.

गोराईची खाडी बोटीनं ओलांडायची होती. मुंबईकरांना त्याचं कोण अप्रूप! आजी बोटीत बसली आणि म्हणाली, "होडीत बसूक मुंबैक कित्या येवक होया?" बाबांनी तिचा फोटो काढला. हा 'प्रसंगानुसार'मधला.

आत गेल्यावर दिवसभर बाबा हिशेबानं फोटो काढत होते. मी चारदा कॅमेरा मागितला. चारही वेळा नाही म्हणाले. त्यात कडकपणा नव्हता. एक फोटो बिघडला तर तो परत येत नाही, एवढंच.

मुंबईहून परतलो तेव्हा कॅमेऱ्याच्या काट्यावर चौतीस होते. आता रोल 'संपवायचा' होता. नव्या मुलांना हा शब्दप्रयोग माहीत नसेल. अर्धा रोल धुवायला टाकत नसत, कारण उरलेली फिल्म वाया जाते. म्हणून सहलीनंतर घरी येऊन शेवटचे दोन-तीन फोटो कशाचेही काढायचे. मांजर, तुळस, शेजारचं बाळ. परतल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही मालवणच्या जेटीवर गेलो. बाबांनी होड्यांचा एक काढला, मासळीच्या टोपल्यांचा एक काढला. काटा छत्तीसवर गेला. खटका ओढून बघितला तर तो अजून फिरत होता. बाबांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "एक उरलो आसा. तू काढ."

मी बाबांचाच काढला. मागं सिंधुदुर्ग किल्ला आला पाहिजे म्हणून त्यांना पाण्याकडे पाठ करून उभं केलं. किल्ला पश्चिमेला, सूर्य पश्चिमेला, वेळ संध्याकाळची. आज कुणीही सांगेल, सगळंच चुकलं. ढगाच्या चित्रावर काटा सरकवायचा, हेही मी विसरलो.

रंगीत रोल तेव्हा आमच्याकडून कोल्हापूरला जायचे, एसटीनं. रॉचेस्टरला कॅमेरा पाठवणाऱ्या अमेरिकनांसारखंच. आठ दिवसांनी पाकीट आलं, पोस्टकार्ड आकाराचे प्रिंट. ऊन होतं तिथले फोटो सुरेख. बोटीतली आजी तर अशी आली की ती पुढं भिंतीवर गेली. पाळणे मात्र पुसट. मला बरीच वर्षं वाटायचं की चारशेचा रोल घेतला असता तर पाळणे स्पष्ट आले असते. ते खरं नाही. ताशी ३६ किलोमीटरनं समोरून आडवी जाणारी गाडी सेकंदाच्या १२५ व्या भागात ८ सेंटिमीटर सरकते. शटरचा वेग एकच असेल तर रोल कुठलाही घाला, ती पुसलीच जाणार. चारशेचा फायदा दुसरीकडे झाला असता. फ्लॅशचा पल्ला दुप्पट झाला असता, आणि सावलीतले चेहरे दिसले असते.

चेहऱ्यांवरून आणखी एक सांगायला हवं. रंगीत प्रिंट बरोबर आला की नाही हे तपासायला कोडॅक लॅबना एक नमुन्याचा फोटो द्यायची. त्यात एक गोरी बाई. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला 'शर्ली कार्ड' म्हणायचे. कॅनडाच्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी २००९ साली यावर सविस्तर लिहिलं. त्यांच्या म्हणण्यानुसार गडद रंगांत फिल्म सुधारावी म्हणून चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांच्या तक्रारी कामी आल्या. निरनिराळ्या वर्णांच्या माणसांची कार्डं आली ती नव्वदच्या दशकात. आमच्या अल्बममध्ये पांढरे शर्ट झळाळतात आणि त्यांच्यावरचे सावळे चेहरे बुडतात. त्यात आमच्या कॅमेऱ्याचा आणि उन्हाचाही दोष आहे, पण सगळा दोष आमचा नव्हता.

अल्बममध्ये त्या सहलीचे फोटो नीट लावले गेले. छत्तीसपैकी एकातही बाबा नव्हते. कॅमेरा त्यांच्या हातात होता, त्यामुळे असणार कसे? हे तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. सदतिसावा फोटो पाकिटात नव्हता. तो वाया गेला, असं धरून आम्ही विसरलो.

बाबा २००९ च्या पावसाळ्यात गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधला, तेव्हा कळलं की आमच्याकडे बाबांनी काढलेले शेकडो फोटो आहेत आणि बाबांचे जवळजवळ नाहीत. शेवटी बँकेच्या पासबुकावरचा पासपोर्ट फोटो मोठा करून फ्रेम केला. त्यात ते बँकेत उभे राहिल्यासारखे दिसतात.

पाच-सहा वर्षांनी घराच्या दुरुस्तीसाठी कपाट रिकामं करताना जुनी पाकिटं निघाली. निगेटिव्ह बुरशीनं डागाळलेल्या, काही एकमेकींना चिकटलेल्या. एस्सेलवर्ल्डची शेवटची पट्टी मी खिडकीशी धरली. छत्तीसच्या पुढं अजून एक चौकट होती, अर्धी. लॅबमध्ये रोल धुताना फिल्मचं शेवटचं टोक डबीतून कापून घेतात. कात्री त्या चौकटीतून गेलेली. अर्ध्या फोटोचा प्रिंट कोण काढणार? म्हणून तो पाकिटात आला नव्हता.

स्कॅन केल्यावर अर्धा किल्ला, अर्धं आकाश आणि आख्खे बाबा दिसले. चेहरा काळा. कितीही उजळवला तरी डोळे येत नाहीत, कारण त्या जागी फिल्मवर फारसं काही उमटलेलंच नाही. पण एक खांदा किंचित खाली टाकून, हात मागं बांधून उभं राहायची त्यांची पद्धत आहे. आईला दाखवला. तिनं विचारलंही नाही कोण म्हणून. म्हणाली, "चप्पल खंय घालून गेले होते बघ, घरातली."

चारशेचा रोल असता तर चौपट संवेदनशील फिल्मवर त्या चेहऱ्यात काहीतरी आलं असतं. हे मी हिशेब करून सांगतो, हळहळ म्हणून नाही. आणि दुसरा हिशेबही सांगायला हवा. बाबांनी माजघरात अंधारात बोटभर फिल्म वाचवली नसती, तर ती चौकटच नसती.

इतिहासाच्या कामात आपण नेहमी विचारतो की हा पुरावा कुणी ठेवला आणि कशासाठी. घरगुती फोटोंच्या बाबतीत मी आता आणखी एक विचारतो: रोल किती फोटोंचा होता, कितीचा होता, आणि कॅमेरा कुणाच्या हातात होता? विसाव्या शतकातली आपली घरं आपल्याला भर उन्हातली, प्रवेशद्वारापुढची आणि वडील नसलेली दिसतात. ती तशी नव्हती. शंभरच्या रोलवर तेवढंच मावत होतं.

कोडॅकनं २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. उटीचा कारखाना तर नव्वदच्या दशकातच आजारी उद्योगांत गेला होता. पण तुमच्या कपाटातल्या निगेटिव्ह अजून आहेत. तेवढ्या एकदा काढा. कोकणात असाल तर पावसाच्या आधी, कोरड्या दिवशी. चिकटलेल्या असतील तर ओढू नका. प्लास्टिकमधून काढून कागदाच्या पाकिटात ठेवा. मोबाइलचा पांढरा पडदा मागं धरून दुसऱ्या मोबाइलनं फोटो काढला आणि रंग उलटे केले, तरी काय आहे ते कळतं. आणि बघताना अल्बमशी ताडून बघा. पहिल्या चौकटीच्या आधी आणि शेवटच्या चौकटीच्या नंतर, ज्याचा प्रिंट कुणी काढला नाही, तिथे बघा. रोल संपवायला काढलेले फोटो तिथेच असतात.

भेटू पुढच्या भागात.